जालना ते गोवें : हिवाळ्यांतील दुचाकी-प्रवास

पंढरीची वारी, माळेगांवची खंडोबाची जत्रा, साहित्यसंमेलन किंवा कुस्त्यांचा फड, मेळा कोणताही असो, त्यास जाणाऱ्या मनुष्याची ओढ एकाच जातीची असते. आपल्याच छंदाचीं आणि आपल्याच निष्ठेचीं माणसें एके ठिकाणीं जमलेलीं पहावीं व त्यांत आपणही मिसळून जावें, ही ती ओढ होय. मोटारसायकल चालविणाऱ्यांच्या अशा मेळ्याला 'रॅली' म्हणतात. ज्या वाहनाला जुन्या मंडळींनीं 'फटफटी' असें विनोदी नांव दिलें, त्याच वाहनाचे हे भक्त शेंकडों किलोमीटर अंतरावरून एकत्र येतात, एकमेकांच्या गाड्या न्याहाळतात, वाटेवरच्या गोष्टी सांगतात आणि आल्या वाटेनें परत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला यांत नुसती हौस दिसेल. परंतु वारीप्रमाणें येथेंही मुक्कामाइतकेंच वाटेला महत्त्व असतें. आणि ती वाट हिवाळ्यांतली असली, तर हौसेला ज्ञानाची जोड नसल्यास ती जिवावर बेतूं शकते.

असे मेळे हिवाळ्यांतच कां भरावेत, असा प्रश्न सहज मनांत येतो. युरोपांत त्याचें उत्तर हौसेचें व कसोटीचें आहे. १९५६ सालीं जर्मनींत स्टुटगार्ट शहराजवळ सोलिट्यूड येथें एर्न्स्ट लेव्हरकूस या पत्रकाराच्या पुढाकारानें कांहीं स्वार ऐन थंडींत जमले. त्यांच्या गाड्या त्सुंडाप कंपनीच्या, भारी वजनाच्या व बाजूला जादा बैठक जोडण्याजोग्या होत्या. त्या गाडीला लोक 'हिरवा हत्ती' म्हणत. म्हणून त्या मेळ्याचें नांव 'हत्तींचा मेळा' असें पडलें. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या अरण्यप्रदेशांत भरतो आणि हजारों स्वार बर्फांत तंबू ठोकून रात्र काढतात. भारतांतलें उत्तर अगदीं व्यवहाराचें आहे. येथें उन्हाळ्यांत डांबर तापून अंगाची लाही होते, पावसाळ्यांत रस्ते निसरडे होतात व घाटांत दरडी कोसळतात. तेव्हां लांबच्या प्रवासाला उरतो तो हिवाळा. गोव्यांतील वागातोर येथें २०१३ सालीं 'इंडिया बाइक वीक' हा मेळा सुरू झाला. रॉयल एन्फील्ड कंपनीच्या गाड्यांचा 'रायडर मॅनिया' हा मेळाही गोव्यांतच नांवारूपास आला. २०२३ सालीं त्याला 'मोटोव्हर्स' असें नवें नांव मिळालें. अशा मेळ्यांसाठीं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मंडळी, आणि अलीकडे पन्नाशी उलटलेले गृहस्थही, गोव्याची वाट धरतात.

जालना जिल्ह्यांतल्या माणसाला मोटारसायकल ही कांहीं अपूर्वाईची वस्तु नव्हे. शेजारच्या छत्रपति संभाजीनगरजवळ वाळूज येथें १९८५ पासून बजाज कंपनीचा दुचाकींचा मोठा कारखाना आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन अशा तालुक्यांतून शेतावर जाणें, बाजार करणें, मुलांना शाळेंत सोडणें हीं सारीं कामें याच वाहनावर होतात. परंतु ह्या रोजच्या सलगींतच एक भ्रम लपलेला आहे. जो मनुष्य रोज दहा किलोमीटर गाडी चालवितो, त्याला वाटतें कीं सातशें किलोमीटर म्हणजे तेंच काम सत्तर वेळां करावयाचें. वस्तुतः तसें नाहीं. दहा किलोमीटरांत अंग थंड होण्यास वेळच मिळत नाहीं. शंभर किलोमीटरांत तें पुरतें थंड होतें. लांबचा प्रवास हा जवळच्या प्रवासाचा गुणाकार नसून तें निराळेंच गणित आहे.

तें गणित समजण्यासाठीं एक उदाहरण घ्यावें. डिसेंबर महिना आहे. जालना शहरांतले दोन मित्र दोन मोटारसायकली घेऊन वागातोरला निघणार आहेत. त्यांचा एक मार्ग असा : जालन्याहून अंबड, पुढें वडीगोद्री येथें धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग, शहागड येथें गोदावरी ओलांडून गेवराई व बीड, मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर, नंतर धाराशिव, तुळजापूर आणि सोलापूर. सोलापुराहून मंगळवेढें, सांगोलें, मिरज या मार्गानें कोल्हापूर. तेथून आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदें आणि गोव्याची हद्द. अंतर सुमारें सातशें किलोमीटर. जालना समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशें मीटर उंच, आंबोली सुमारें सातशें मीटर, आणि शेवट समुद्रकांठीं. म्हणजे ह्या एका प्रवासांत मराठवाड्याची कोरडी थंडी, सह्याद्रीच्या माथ्यावरचें धुकें व कोंकणांतला दमट उष्मा हीं तिन्ही हवामानें भेटतात.

मराठवाड्याची थंडी उत्तर भारतासारखी प्रसिद्ध नाहीं. म्हणूनच ती फसवी आहे. डिसेंबर-जानेवारींत जालन्याला पहांटेचें तपमान साधारण दहा-बारा अंशांवर येतें, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे तें एक आंकडी होतें. दुपारीं मात्र तेंच तीस अंशांच्या आसपास जातें. एकाच दिवसांत एवढा फरक पडण्याचें कारण आकाशाचा निरभ्रपणा व हवेचा कोरडेपणा हें होय. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे फेंकीत असते. ढग किंवा हवेंतील बाष्प असल्यास तें गोधडीप्रमाणें ही उष्णता अडवून धरतें. हिवाळ्यांत ही गोधडीच नसल्यामुळें जमीन रात्रभर निवत जाते. थंड हवा जड असल्यानें ती उतारानें नदीनाल्यांच्या खोलगट भागांत येऊन सांचते. म्हणून शहागडच्या पुलावर गोदावरीच्या पात्रापाशीं जो गारवा लागतो, तो दोन्ही बाजूंच्या माळापेक्षां अधिक असतो, आणि तेथेंच धुकेंही दाट असतें.

यांतून निघणारा पहिला धडा आपल्या रूढीच्या विरुद्ध आहे. लांबच्या प्रवासाला पहांटे चार वाजतां निघावें, ही आपल्याकडची जुनी समजूत. बैलगाडीच्या व उन्हाळ्याच्या दृष्टीनें ती योग्यच होती. परंतु हिवाळ्यांत दिवसांतली सर्वांत कडक थंडी मध्यरात्रीं नसते, ती सूर्योदयाच्या सुमारास असते; कारण तोंपर्यंत जमीन निवतच राहते, आणि सूर्य वर आल्यावरही गेलेली उष्णता भरून निघण्यास थोडा अवधि लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत जालन्याला सूर्य सातच्या आंत पांच मिनिटें उगवतो आणि सायंकाळीं सहाच्या आंत मावळतो. सबब आठ-साडेआठला न्याहारी करून निघणारे दोघे आळशी नव्हेत, शहाणे होत.

आतां वाऱ्याचा विचार करूं. चहा निवविण्यासाठीं आपण बशींत ओतून फुंकर घालतों. फुंकर कांहीं बर्फाची नसते; तरी चहा लवकर निवतो, कारण चहाच्या पृष्ठभागावर जमलेली ऊन हवा ती दूर सारते व तेथें गार हवा आणते. मनुष्याच्या कातडीवरही असाच ऊन हवेचा एक पातळ थर असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला तो थर पांघरुणासारखा उपयोगी पडतो. ताशीं ऐंशीं किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्वाराचा तो थर वारा क्षणोक्षणीं हिरावून नेतो. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल ह्या अमेरिकन संशोधकांनीं दक्षिण ध्रुवप्रदेशांत पाण्याची नळकांडी उघड्या वाऱ्यांत ठेवून तें पाणी गोठण्यास किती वेळ लागतो हें मोजलें आणि १९४५ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाऱ्यामुळें थंडी किती वाढल्यासारखी वाटते, हें सांगणाऱ्या पुढच्या साऱ्या कोष्टकांचा उगम त्यांत आहे. २००१ सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं स्वीकारलेल्या सुधारलेल्या सूत्रानें हिशेब केला, तर दहा अंश तपमान आणि ताशीं ऐंशीं किलोमीटर वारा असतां उघड्या चेहऱ्याला चार अंशांची थंडी भासते. म्हणजे जालन्याच्या पहांटेंत नुसत्या वेगानें आणखी सहा अंशांची भर पडते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. गाडीची टांकी किंवा चाक कितीही वारा लागला तरी दहा अंशांखालीं जाणार नाहीं. तें सभोंवतालच्या हवेइतकेंच गार होईल. सहा अंशांची ही भर ज्याच्या अंगांत स्वतःची ऊब आहे, त्या जिवंत शरीरालाच जाणवते. शरीर त्यावर जो उपाय करतें, तोच स्वाराला घातक ठरतो. हृदय, मेंदू व पोटांतील इंद्रियें यांचें तपमान सुमारें ३७ अंश राखणें हें शरीराचें पहिलें कर्तव्य. तें पार पाडण्यासाठीं हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व ऊन रक्त आंतल्या आंत फिरवलें जातें. संकटांत सांपडलेल्या किल्लेदारानें बाहेरचा तट सोडून बालेकिल्ला धरावा, तसाच हा प्रकार. पण मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीनें तो बाहेरचा तट म्हणजे त्याचीं बोटें. आणि ब्रेक व क्लच तर बोटांच्याच हातीं! बोटांची कातडी सुमारें पंधरा अंशांच्या खालीं गेली कीं त्यांची चपळाई झपाट्यानें घटते.

ह्या मंदपणाची किंमत मोजून पहावी. ताशीं ऐंशीं किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. गारठलेल्या बोटांनीं ब्रेक दाबण्यास केवळ अर्धा सेकंद उशीर केला, तर गाडी तेवढ्यांत अकरा मीटर पुढें गेलेली असते. अकरा मीटर म्हणजे एका मोठ्या एस. टी. गाडीची जवळजवळ संपूर्ण लांबी. जो अपघात त्या गाडीच्या मागें थांबून टळला असता, तो ह्या अर्ध्या सेकंदानें घडून येतो.

रात्रीच्या वेळीं ह्या हिशेबांत दिव्याचा प्रश्न येतो. सावध स्वाराला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत सुमारें एक सेकंद लागतो असें धरूं. आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांनीं गाडी सेकंदामागें सहा मीटर ह्या प्रमाणांत वेग टाकते असें मानूं. मग ताशीं चाळीस किलोमीटर वेगाची गाडी एकंदर एकवीस मीटरांत, साठ वेगाची चाळीस मीटरांत, आणि ऐंशीं वेगाची त्रेसष्ट मीटरांत थांबते. खालीं झुकविलेल्या दिव्याचा उपयोगी उजेड चाळीस-पन्नास मीटरांहून फार पुढें पोंचत नाहीं. याचा सरळ अर्थ असा, कीं रात्रीं ऐंशींच्या वेगानें जाणारा स्वार आपल्या दिव्याच्या पुढें धांवत असतो. जें त्याला दिसतें त्याच्या आंत त्याला थांबतां येत नाहीं. आणि धुक्यांत जेथें वीस मीटरच दिसतें, तेथें वेग चाळीसच्याही खालींच ठेवला पाहिजे.

हें केवळ पाटीवरचें गणित नव्हे. दिवाळीनंतर ह्या सर्व प्रदेशांत उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. जालन्याच्या अंबड-घनसावंगीपासून बीड, सोलापूर, सांगली, कोल्हापूरपर्यंत वाटेवर साखर कारखाने आहेत. ऊस रात्रंदिवस वाहिला जातो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर सावकाश चाललेला असतो. त्याच्या मागें दिवा नसतो, किंवा असला तरी उसाच्या मोळ्यांनीं झांकलेला असतो. बैलगाड्यांची तर रांगच असते. कधीं एखादी ट्रॉली चाक निखळून रस्त्याच्या कडेला अंधारांत उभी असते. हे शेतकरी, गाडीवान व तोडकरी आपल्या पोटाच्या धंद्यासाठीं रस्त्यावर आहेत. हौसेखातर निघालेल्यानें त्यांच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. त्यानें काळोख पडण्यापूर्वीं मुक्काम गांठावा, हाच न्याय होय. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. त्याच वर्षीं हेल्मेट न घातल्यामुळें दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ नोंदली गेली. ह्यांतला प्रत्येक आंकडा म्हणजे एकेका घरांतली रिकामी झालेली जागा आहे.

मग एका दिवसांत किती अंतर तोडावें? चहापाणी, पेट्रोल, जेवण व विश्रांति हीं सारीं धरून दुचाकीची खरी सरासरी ताशीं पंचेचाळीस किलोमीटरांच्या वर क्वचितच जाते. त्या मानानें सातशें किलोमीटरांस साडेपंधरा तास हवेत. डिसेंबरांत उजेड मिळतो अकरा तास. म्हणजे 'एका दिवसांत गोवें' असें म्हणणारा मनुष्य निदान साडेचार तास अंधाराला देतो, आणि तेही थकल्यावर. याउलट पहिला मुक्काम सोलापुरास ठेवला, तर पावणेतीनशें-तीनशें किलोमीटरांचा टप्पा सकाळीं साडेआठला निघून दुपारीं तीन-साडेतीनपर्यंत पुरा होतो. दुसरा मुक्काम कोल्हापूर, आणि तिसऱ्या दिवशीं घाट उतरून गोवें. ह्या रीतीनें एकही किलोमीटर अंधारांत काटावा लागत नाहीं.

कपड्यांविषयींही गैरसमज पुष्कळ आहेत. जाड लोकरी स्वेटर घातला म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. लोकर ऊब देते ती तिच्या विणींत अडकलेल्या हवेमुळें. पण त्याच विणींतून वेगाचा वारा आरपार जातो व ती हवा घेऊन जातो. म्हणून पोशाख तीन थरांचा असावा. अंगालगतचा थर घाम टिपून बाहेर सोडणारा. सुती बनियन घामानें ओलें होतें आणि ओलेंच राहतें, म्हणून तें टाळलेलें बरें. मधला थर लोकरीचा, हवा धरून ठेवणारा. सर्वांत बाहेरचा थर वाऱ्याला मुळींच वाट न देणारा. जाकीट वारा अडवीत नसेल, तर वरून साधा पावसाळी कोट घातला तरी काम होतें. छातीवर, जाकिटाच्या आंत वर्तमानपत्राच्या चार-पांच घड्या ठेवण्याची जुन्या स्वारांची युक्ति हास्यास्पद वाटते. परंतु कागद वारा अडवितो व घड्यांमध्यें हवा धरतो, म्हणून ती शास्त्राला धरूनच आहे. हातमोजे व बूट घट्ट नसावेत. घट्ट बुटांत दोन मोजे कोंबले, तर हवेला जागा राहत नाहीं आणि रक्तालाही वाट राहत नाहीं. मफलराचीं टोंकें जाकिटाच्या आंत खोंचलेलीं असावींत; सुटलेलें टोंक चाकांत किंवा साखळींत गुंतणें म्हणजे गळफांसच. हेल्मेट भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाचें असावें, आणि त्याचा पट्टा हनुवटीखालीं बांधलेला असावा. न बांधलेलें हेल्मेट पडतांना डोक्याच्या आधीं निघून जातें.

गाडीच्या तयारीचें फार सांगण्याचें कारण नाहीं. चांगल्या मेकॅनिककडून ब्रेक, साखळी, दिवे व बॅटरी तपासून घेतलीं कीं झालें. एक गोष्ट मात्र ध्यानांत धरावी. हवा थंड झाली कीं आकुंचन पावते, त्यामुळें दर पांच-सहा अंशांमागें टायरांतील दाब सुमारें एक पौंडानें उतरतो. दुपारीं रस्त्यावर तापलेल्या टायरांत मोजलेला दाब पहांटे तीन-चार पौंडांनीं कमी भरतो. म्हणून दाब सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं पहावा. टायरचें रबरही थंडींत कडक असतें. पहिले कांहीं किलोमीटर वळणांवर सबुरीनें घ्यावे.

इतकी तयारी केल्यावर सर्वांत मोठा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचें उत्तर बाजारांत विकत मिळत नाहीं. थंडी प्रथम बोटें घेते व मग विचार घेते. शरीराच्या आंतलें तपमान ३५ अंशांच्या खालीं गेलें म्हणजे वैद्यकीय दृष्ट्या धोक्याची अवस्था सुरू होते. त्यावेळीं मनुष्य अडखळतो, शब्द नीट उच्चारीत नाहीं, हातांतल्या वस्तु पाडतो, आणि 'मला कांहीं झालेलें नाहीं' असें चिडून सांगतो. मराठवाड्याच्या हवेंत नीट पोशाख केलेला स्वार त्या टोंकाला सहसा जात नाहीं. परंतु रस्त्यावर मरण येण्यास त्या टोंकाला जावें लागत नाहीं. त्याच्या कितीतरी अलीकडचा मंदपणाही पुरतो. आणि ह्या मंदपणाचें लक्षण असें, कीं ज्याला तो आला आहे त्यालाच तो कळत नाहीं. ज्या बुद्धीनें आपली परीक्षा करावयाची, तीच बुद्धि गारठलेली असते. आपल्या पाठीवरचा डाग आपल्याला दिसत नाहीं, तो दुसऱ्यानेंच सांगावा लागतो. लांबच्या प्रवासांत सोबती हवा तो याचसाठीं. कंटाळा घालविणें व पंक्चर काढतांना मदत करणें हे सोबतीचे वरवरचे लाभ. तिचा खरा लाभ हा, कीं दुसऱ्या डोक्यांतली बुद्धि आपल्या सेवेला हजर असते.

मात्र सोबती असणें आणि सोबत करणें ह्या दोन गोष्टी आहेत. पुष्कळदां दोन मित्र म्हणजे दोन अहंकार असतात. दोघेही थंडीनें बेजार झालेले असतात, दोघांनाही थांबावेंसें वाटतें. पण 'त्यानें आधीं म्हणावें' ह्या हट्टानें दोघेही पुढें जात राहतात. अशी जोडी एकट्या स्वाराहूनही धोक्यांत असते, कारण एकटा निदान लाजेखातर तरी वेग वाढवीत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वींच दोघांनीं एक करार करावा : कोणीही 'थांबूं या' म्हटलें कीं दुसऱ्यानें कारण विचारूं नये, वाद घालूं नये व मागाहून थट्टाही करूं नये. तासा-सव्वातासानें, गरज वाटो वा न वाटो, गाड्या थांबवाव्यात. त्या पांच-दहा मिनिटांत चालावें, बोटें उघडझांप करावीं, ऊन चहा, भाकरी, गूळ-शेंगदाणे असें कांहीं घ्यावें. थंडींत तहान लागत नाहीं म्हणून पाणी टाळूं नये. आणि न बोलतां एकमेकांकडे पहावें. तो थांबतांना पाय नीट टेकतो काय? जाकिटाची साखळी त्याला एका प्रयत्नांत काढतां येते काय? वळण संपून दोन किलोमीटर झाले तरी त्याचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकतोच आहे काय? नेहमीं बडबड करणारा आज 'हूं' एवढेंच म्हणतो काय? ह्या बारीकसारीक गोष्टी हीच सोबत्याची नाडीपरीक्षा. यांपैकीं दोन गोष्टी एकदम आढळल्या, तर पुढचा टप्पा अर्ध्या तासानें पुढें ढकलावा. गोवें कोठें पळून जात नाहीं.

रस्त्यावरही कांहीं शिस्त हवी. जो सावकाश चालवितो त्याला पुढें ठेवावें, म्हणजे मागच्याची गाठ सुटत नाहीं व पुढच्याला धांवावें लागत नाहीं. दोघांत निदान दोन सेकंदांचें अंतर असावें. साठच्या वेगाला तें तेहेतीस मीटर भरतें. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्यानें थांबावें. मोबाइलवर नकाशा असला तरी हा नियम सोडूं नये. नकाशा वाट दाखवितो, मित्र मागें पडला हें दाखवीत नाहीं.

कोल्हापूर सोडल्यावर तिसऱ्या दिवशीं आंबोलीचा घाट येतो. येथें सकाळीं दंव व धुकें यांनीं रस्ता ओलसर असतो, आणि झाडींतल्या वळणांवर ऊन उशिरां पोंचतें. उतारावर सारखा ब्रेक धरून राहिल्यास तो तापून त्याची पकड कमी होते. त्याऐवजीं खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या ओढीनेंच वेग आवरावा. घाट उतरून सावंतवाडी आली कीं तासाभरांत हवा पालटते. येथें सकाळचे तीन थर अंगावर तसेच ठेवले, तर घामानें जीव कासावीस होतो व डोळ्यांवर झांपड येते. थर उतरविण्यासाठीं थांबण्याचा आळस करूं नये. हेल्मेट, हातमोजे व बूट मात्र उष्म्यांतही अंगावर राहिलेच पाहिजेत.

मेळ्याच्या ठिकाणीं गाणीं, गाड्यांचीं कौतुकें, नव्या ओळखी यांत दोन-तीन दिवस कसे जातात तें समजत नाहीं. तेथें दारूही सहज मिळते, आणि दारूनें ऊब येते असा एक जुना समज आहे. दारूनें कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब वाटते; प्रत्यक्षांत आंतली उष्णता बाहेर जाते आणि शरीर अधिकच थंड होतें. त्याचप्रमाणें वाटेवरच्या मुक्कामांत बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटवून झोंपणें हें तर मृत्यूला आमंत्रण होय. तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास, ना रंग.

परतीच्या वाटेचा विचार बहुतेक जण करीतच नाहींत. जातांना उत्साह असतो, सुटी हातांत असते, गाडी नुकतीच तपासलेली असते. येतांना जागरणें झालेलीं, पैसा संपत आलेला, आणि सोमवारीं कामावर हजर व्हावयाचें असतें. जी जोडी जातांना तीन दिवस घेते, तीच येतांना एका दमांत जालना गांठण्याच्या गोष्टी बोलूं लागते. समुद्रकांठच्या उबेंत चार दिवस राहिलेल्या शरीराला बालाघाटच्या पठारावरची रात्रीची थंडी अधिकच बोंचते. सबब रजेचा अर्ज करतांनाच परतीचे तीन दिवस त्यांत धरले पाहिजेत. ज्याला एवढी रजा मिळणें शक्य नाहीं, त्यानें त्या वर्षीं आगगाडीनें जावें. मेळा पुढच्या वर्षींही भरेल.

जालना जिल्ह्यांतल्या जांब गांवीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं साऱ्या भरतखंडांत पायीं भ्रमण केलें, ही गोष्ट ह्या भागांतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. प्रवासानें मनुष्य मोठा होतो, ही शिकवण येथें नवी नाहीं. फक्त वाहन नवें आहे आणि वेग नवा आहे. वेग जितका अधिक, तितकी चूक सुधारण्याची सवड कमी. ही सवड विकत घेण्याचे उपाय तीनच : उजेडांत चालणें, अंग ऊन ठेवणें, आणि सोबत्याचा शब्द मानणें. पहिल्या दोन उपायांना थोडा वेळ व थोडा पैसा लागतो. तिसऱ्याला दमडीही लागत नाहीं, तरी तोच सर्वांत कठीण. कारण त्यासाठीं मित्राच्या नजरेवर स्वतःच्या नजरेपेक्षां अधिक विश्वास ठेवावा लागतो. तेवढा विश्वास ज्याच्यावर ठेवतां येईल असा मित्र लाभला, तर गोव्याची वाट खुशाल धरावी.